पानांना भोकं पडू द्या

स. न. वि. वि.
निवृत्तीनंतर आम्ही दोघं मावळात पाच गुंठ्यांवर छोटं घर बांधून राहायला आलो. बांधकाम करणाऱ्यानंच बागही करून दिली. पुढे हिरवळ, कुंपणाला ड्युरांटा आणि अकॅलिफा, कोपऱ्यात दोन पाम, फाटकावर बोगनवेल. तीन वर्षं झाली. सगळं हिरवंगार आहे, माळी दर महिन्याला कापून सरळ रेषेत ठेवतो. पण बागेत काही हलत नाही. सकाळी ओट्यावर बसलं की पक्ष्यांचा आवाज येतो तो कुंपणापलीकडच्या माळावरून. फुलपाखरंसुद्धा तिकडेच, घाणेरीवर. आमच्याकडे कढीपत्ता आहे, त्याला सारख्या अळ्या लागतात म्हणून फवारणी करतो. आता देशी झुडपं लावायची असं ठरवलंय. मोठ्या झाडांना जागा नाही. कोणती लावू? की सरळ घाणेरीच लावू, निदान फुलपाखरं तरी येतील? आणखी एक म्हणजे, झुडपं वाढली की साप येतील अशी ह्यांना धास्ती आहे. सुट्टीत नातवंडं येतात.
– एक वाचक, मावळ

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा कढीपत्त्याच्या ओळीपाशी थांबले. तुमच्या पाच गुंठ्यांत इथल्या जिवांना खाण्याजोगं बहुधा ते एकच झाड आहे. तिथं ते आले, आणि नेमकी त्याच झाडावर फवारणी झाली. तुम्हाला बोल लावायला हे लिहीत नाही. पान कुरतडलेलं दिसलं की हात पंपाकडे जावा, अशी सवय आपल्या सगळ्यांनाच लागली आहे. पण झुडपं निवडायची तर सुरुवात या सवयीपासूनच करावी लागेल, कारण मी पुढे जी नावं सांगणार आहे ती सगळी पानं खाल्ली जावीत म्हणूनच लावायची आहेत.

कढीपत्त्यावरच्या त्या अळ्या बहुतेक कॉमन मॉरमॉन या काळ्या फुलपाखराच्या असणार. पुढच्या वेळी फवारायच्या आधी चष्मा लावून पाच मिनिटं एका अळीकडे बघा. लहानपणी ती तपकिरी-पांढरट, ओलसर, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी असते. पान उलटून बघणारा माणूसही ‘घाण पडलीय’ म्हणून पुढे जातो. चारदा कात टाकली की तीच अळी पानासारखी हिरवीगार होते. गवताच्या काडीनं तिला हलकेच डिवचलंत तर डोक्यामागून लाल, ओली, दुभंगलेल्या जिभेसारखी दोन शिंगं बाहेर येतात, उग्र वास सुटतो आणि क्षणात ती शिंगं परत आत जातात. नातवंडांना हे एकदा दाखवा. पुढची सुट्टी ती त्या झाडाखालीच काढतील.

या अळ्यांपैकी फार थोड्यांचं फुलपाखरू होतं. बाकीच्या शिंपी, नाचण, वटवट्या या पक्ष्यांच्या आणि गांधीलमाशीच्या पोटात जातात, आणि तुमच्या ओट्यावर ऐकू येत नाही तो आवाज त्यातूनच येतो. बुलबुल फळं खातो, शिंजीर मध पितो, चिमणी दाणे टिपते, हे खरंच आहे. पण घरट्यात पिल्लं असताना हेच पक्षी दिवसभर अळ्या, किडे आणि कोळी शोधत हिंडतात. नुकतं बाहेर आलेलं पिल्लू दाण्यावर वाढत नाही. त्यामुळे बागेत अळी नसेल तर पक्षी पाणी प्यायला येईल, घटकाभर टेकेल आणि घरटं बांधायला माळावर परत जाईल.

ड्युरांटा अमेरिका खंडातला, रंगीत पानांचा अकॅलिफा पॅसिफिकमधल्या बेटांवरचा. वनस्पती स्वतःला वाचवायला पानांत आपापली विषं साठवते आणि त्या त्या भागातले किडे हजारो पिढ्यांत ती विषं पचवायला शिकतात. दुरून आणलेल्या झुडपाची भाषा इथल्या अळीला कळत नाही. म्हणूनच ही झुडपं ‘कीड लागत नाही’ म्हणून विकली जातात, आणि तुमची बाग मुकी राहण्याचं कारणही तेच आहे. जाता जाता, नातवंडं येतात म्हणून सांगते: कापणी चुकली की ड्युरांटाला नारिंगी-पिवळे मणी लागतात. दिसायला सुंदर, पण मुलांच्या पोटात गेले तर विषारी.

आता घाणेरी. तुमचं निरीक्षण चुकीचं नाही, फुलपाखरं तिच्यावर येतात. पण ती येतात मध प्यायला. अंडी घालायला त्यांना दुसरीकडे जावं लागतं, कारण इथल्या फुलपाखरांच्या अळ्या घाणेरीच्या पानांवर वाढत नाहीत. खाणावळ आहे, पण राहायची सोय नाही, असं समजा. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेसाठी म्हणून भारतात आणली गेली आणि आज सह्याद्रीपासून मध्य भारतापर्यंत जंगलांचा तळ तिनं व्यापला आहे. फळं बुलबुल खातात आणि बिया रानभर पेरतात. तिच्या दाटीखाली करवंदाचं, धायटीचं रोप उगवून येणं अवघड होतं. तेव्हा लावू तर नकाच. माळावरची मात्र एका झटक्यात साफ करायला जाऊ नका, आज तरी त्या परिसरातल्या फुलपाखरांना तोच मध आहे. तुमची झुडपं फुलायला लागली की कुंपणालगतची थोडी थोडी काढा, फळं धरायच्या आधी. नुसती कापली तर चौपट फुटते. खोडाच्या बुडाशी, जिथून फुटवे येतात त्या गाठीच्या खाली मुख्य मूळ तोडायचं आणि सगळा झुबका उलटा करून ठेवून द्यायचा, म्हणजे मुळांना माती मिळत नाही. पहिले दोन पावसाळे खाली उगवलेली रोपं हातानं उपटावी लागतात, त्याला इलाज नाही.

मग लावायचं काय? नावांची यादी देण्याआधी एक काम सांगते. सकाळच्या वेळी घरापासून दोन-तीन किलोमीटर चालत जा. ओढ्याचा काठ, शेताचे जुने बांध, टेकडीचा उतार आणि जवळ असेल तर देवराईची कड बघा. तिथं पाणी न घालता कोण उभं आहे ते टिपून घ्या. हे मी हौसेखातर सांगत नाही. मावळात लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पुण्यात पोचेपर्यंत तो ७०० च्या आसपास उरतो. साठ-पासष्ट किलोमीटरात एवढा फरक! घाटमाथ्यावरची अंजनी पूर्वेकडच्या मुरमाड उन्हात रडत राहील, आणि पठारावरचा तरवड लोणावळ्याच्या पावसात मुळं कुजून जाईल. ‘देशी’ हा शब्द इतक्या छोट्या अंतरातही बदलतो. रोपवाटिकेतली ‘देशी’ची पाटी ते सांगत नाही.

आणि आजीच्या अंगणात होतं म्हणजे देशी, असंही धरू नका. देवळापाशी फुलणारा पांढरा चाफा, पिवळी बिट्टी, झेंडू हे सगळे अमेरिका खंडातून आलेले. त्यांच्याशी माझं वैर नाही. चाफा असला तर राहू दे. फक्त वन्यजीवांसाठी राखलेल्या जागेत त्यांना धरू नका.

कुंपणापासून सुरू करू, कारण तुमच्याकडची सगळ्यात मोलाची जागा तीच आहे. माझी पहिली पसंती करवंदाला, आणि इथं मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. सदाहरित, आडवंतिडवं वाढणारं, काट्यांचं. फेब्रुवारी-मार्चपासून पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरतं, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत फळं. घाटातली काळी मैना तुम्हाला वेगळी सांगायला नको. पण फळापेक्षा काटा महत्त्वाचा. करवंदाच्या जाळीत मांजर शिरत नाही, कावळ्याला पंख पसरता येत नाहीत, आणि बुलबुल मात्र अंग चोरून सुळकन आत जातो. छातीएवढ्या उंचीवर, दोन-तीन काटेरी फांद्यांच्या बेचक्यात त्याची वाटी असते, आतून बारीक मुळ्यांनी मऊ केलेली.

करवंदाच्या जोडीला निर्गुडी आणि अडुळसा घ्या. दोन्ही फांदी खोचली की जगतात, दोन्हींना गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. निर्गुडीच्या जांभळट तुऱ्यांवर सातेरी आणि फुलोरी मधमाश्या असतात. फुलोरी ही आपल्याकडची सगळ्यात गरीब माशी. झुडपाच्या एका डहाळीवर तळहाताएवढं एकच पोळं लावते. ते दिसलं तर माळ्याला हलवू देऊ नका. अडुळसा थंडीत फुलतो, जेव्हा बाकी फारसं काही नसतं. त्याच्या पांढऱ्या, जबड्यासारख्या फुलात सुतार भुंगा डोकं खुपसतो तेव्हा वरचे पुंकेसर त्याच्या पाठीवर टेकतात. भुंगा बाहेर येतो तो पाठीवर पांढरी रेघ घेऊनच. ऊन कडक आणि माती अगदीच उथळ असेल तिथं मध्ये मध्ये हेकळ किंवा गेळा चालेल. या दोघांनाही काटे आहेत.

एकेका जातीचं एकेक रोप लावून ‘संग्रह’ करू नका. हा मोह मलाही आवरावा लागतो. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर फिरते, तिला एका जागी भरपूर फुलं लागतात. अळ्यांनी एक झुडूप ओरबाडलं तर शेजारचं उरायला हवं. म्हणून सात-आठ जाती, प्रत्येकीची तीन ते पाच रोपं, गटानं. तुमच्या जागेला एवढं पुरे.

आतल्या बाजूला, जिथं तुम्हाला बसून बघता येईल, तिथं धायटी आणि मुरुडशेंग लावा. धायटी कातळाच्या उतारावर वाढणारी, म्हणजे तुमच्या मुरमाला घाबरत नाही. थंडी सरता सरता तिच्या फांद्यांवर लहान लाल नळ्यांचे झुबके येतात आणि मार्चपर्यंत टिकतात. आसव-अरिष्टं आंबवायला वैद्य वापरतात ती हीच फुलं. शिंजीर तिच्यासाठी लांबून येतो. मुरुडशेंग त्याच्या उलट, पावसाळ्यात फुलते. तिच्या फुलाकडे दोन दिवस लागोपाठ बघा. ताजं फूल विटकरी लाल असतं, त्यात मध असतो. शिळं होताना ते फिकट निळसर-राखाडी होत जातं. एकाच फांदीवर दोन्ही रंग दिसतात, आणि शिंजीर लाल फुलावरच थांबतो. पुढे त्या पिळदार शेंगा धरतात, ज्यांचं नाव झाडाला पडलं.

उन्हात मोकळी जागा असेल तिथं तरवड. पिवळ्याधमक फुलांचा, दुष्काळी भागातही हसत उभा राहणारा. याच्या फुलात मध नसतो, परागच असतो, आणि तोही परागकोशाच्या टोकाला असलेल्या बारीक भोकात बंद. सुतार भुंगा फुलाला मिठी मारतो, पंख न हलवता अंग थरथरवतो, त्याच्या गुणगुणण्याचा सूर एकदम चढतो आणि भोकांतून परागाचा धूर उडतो. डोळे मिटून बसलात तरी तो बदललेला सूर ओळखू येईल. पानांवर एमिग्रंट या फिकट पोपटी-पांढऱ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या वाढतात. त्या तरवडाला कधी कधी पार खराटा करतात. आठवड्या-दोन आठवड्यांत पालवी परत येते. घाबरायचं नाही.

थोडी सावली असलेल्या, पावसाचं पाणी झिरपणाऱ्या कोपऱ्यासाठी भूतकेस. हिरव्या झुडपावर पांढरी पानं चिकटवल्यासारखी दिसतात तो. ती पांढरी पानं म्हणजे फुलाचं एकेक मोठं झालेलं निदल (कळीला बाहेरून झाकणारी पाती), आणि खरं फूल त्याच्या शेजारी केशरी, चिमुकलं. कमांडर नावाच्या सुंदर विटकरी फुलपाखराच्या अळ्या याच्यावर वाढतात. रोपवाटिकेत तुम्हाला याचाच भाऊबंद, गुलाबी, भरगच्च मुसांडा दाखवतील. तो बागेसाठी घडवलेला संकर आहे, तुमच्या कामाचा नाही. हाच नियम दुहेरी पाकळ्यांच्या सगळ्या फुलांना लावा, कारण त्या जादा पाकळ्या बहुधा पुंकेसरांच्याच झालेल्या असतात आणि माशीच्या पदरात काही पडत नाही.

एक नाव खास तुमच्या कढीपत्त्यासाठी. कढीपत्ता, लिंबू आणि रानातला माकडलिंबू एकाच कुळातले. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला, म्हणजे नीलवंताला, राज्य फुलपाखरू केलं. असा मान फुलपाखराला देणारं हे देशातलं पहिलं राज्य. त्या नीलवंताच्या अळ्या याच कुळावर वाढतात, आणि सह्याद्रीत माकडलिंबू हे त्यांचं हक्काचं झुडूप आहे. ते हळू वाढतं, रोपही सहजी मिळत नाही, पण मिळालं तर कढीपत्त्याशेजारीच लावा. कढीपत्त्याचीही एकाऐवजी तीन झाडं करा. एक स्वयंपाकाला, दोन अळ्यांना. मग भांडण उरत नाही. पिकलेले काळे मणी बुलबुल आणि कोकीळ खाऊन जातात, ते वेगळंच.

रुईबद्दल थोडं सावधपणे लिहिते. प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू अंडी घालायला तिच्याकडेच धाव घेतं. तिच्या चिकातलं विष अळी अंगात साठवते, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. खायच्या आधी अळी पानाची शीर कुरतडून चिकाचा प्रवाह तोडते आणि मग पुढचा भाग निवांत खाते. हे बघायला मिळालं तर उभं राहून बघाच. पण तो चीक डोळ्यात गेला तर इजा होते. नातवंडं येतात तेव्हा रुई कुंपणाबाहेर, माळाच्या बाजूला राहू दे. तिच्यावर पिवळा मावा येतो, त्यालाही हात लावू नका. आठ-दहा दिवसांत ढालकिडे येऊन त्याचा समाचार घेतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी उघड्या जागेत खुळखुळ्याच्या बिया टाका. टायगर आणि क्रो जातीच्या फुलपाखरांचे नर त्याच्या सुकत चाललेल्या भागांवर झुंबड करतात. त्यांना तिथं मध नको असतो. मादीला रिझवण्याच्या गंधासाठी लागणारं द्रव्य ते त्या वनस्पतीतून शोषून घेतात. म्हणून शेंगा वाजायला लागल्या की झाड उपटायची घाई नको.

कारवीचा मोह तुम्हाला होईल, मावळात राहून न होणं कठीण. पण ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि डोंगरउतारावरच शोभते. ती तिथंच जाऊन बघावी.

आता सापांचं. तुमच्या ह्यांची काळजी रास्त आहे आणि ती बाजूला सारून बाग करू नका. साप झुडपासाठी येत नाही, उंदीर-बेडकासाठी आणि आडोशासाठी येतो. भिंतीला टेकवलेल्या विटा, फरश्या, लाकडाचे ढीग, उघड्यावर टाकलेलं उष्टं, कोंबड्यांचं खाद्य हे आधी हलवा. घराभोवती सहा-सात फुटांचा पट्टा मोकळा ठेवा, पायवाट रुंद आणि स्वच्छ. दाट काटेरी जाळी फक्त सीमेवर. घराजवळच्या झुडपांच्या खालच्या फूटभर फांद्या काढून टाका, म्हणजे बुडाशी उजेड पडतो आणि काही असेल तर दिसतं. तिन्हीसांजेनंतर बॅटरीशिवाय अंगणात उतरायचं नाही, हे मुलांच्या अंगवळणी पाडा. साप दिसलाच तर न मारता लांबून लक्ष ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. चावलाच तर मात्र मांत्रिक-औषधं यात क्षणही न घालवता थेट रुग्णालय.

ड्युरांटाचं कुंपण एकदम उखडू नका. नावडतं असलं तरी आज तो आडोसा आहे. या जूनमध्ये एक बाजू, ती करवंद-निर्गुडीनं भरली की दोन वर्षांनी दुसरी. माळाकडची बाजू आधी घ्या, कारण येणारे तिकडूनच येणार आहेत. हिरवळ सगळी काढा असं म्हणत नाही. मुलांना खेळायला तुकडा ठेवा, पण कडेचं चार फूट गवत कापणं थांबवा.

रोपं आणताना दोन गोष्टी विचारा: रोप कुठल्या बियांचं आहे, आणि त्यावर कोणतं औषध मारलं आहे. काही कीटकनाशकं झाडाच्या रसात भिनतात आणि पानात, परागात महिनोन्‌महिने राहतात. असं रोप आणून अळ्यांची वाट बघणं म्हणजे त्यांना जेवायला बोलावून विष वाढणं. बागेतही तेच धोरण. ‘सेंद्रिय आहे’ म्हणून नीम तेल चालेल असं अनेक जण समजतात. नीम तेलानंही अळ्या मरतात, औषधाला नाव काय दिलंय याच्याशी अळीला देणंघेणं नाही. आणि रानातून रोपं खणून आणू नका. राखीव जंगलातून तर काहीच नाही, देवराईतून काडीही उचलायची नसते हे तुम्ही जाणताच. बांधावरच्या, ओढ्याकाठच्या झुडपांच्या मूठभर बिया मालकाला विचारून घेतल्या तर कुणाचं नुकसान होत नाही.

तुमचं पत्र मे महिन्यात आलं हे फार बरं झालं. दीड-दोन फुटांचे खड्डे आत्ताच घेऊन ऊन खाऊ द्या. करवंदं पिकलेली आहेत. चांगल्या, गोड जाळीची फळं आणून खा, बिया धुवा आणि त्याच दिवशी पिशव्यांत पेरा. वाळवून ठेवलेल्या बिया उगवत नाहीत. तरवडाच्या बियांचं उलट, साल टणक असते. गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवा आणि थेट जागेवर पेरा, कारण त्याचं सोटमूळ हलवलेलं त्याला खपत नाही. निर्गुडी-अडुळशाच्या पेन्सिलीएवढ्या जाड काड्या पहिल्या दोन दमदार पावसांनंतर खोचा. कुंपणाला दोन ओळी, नागमोडी, रोपांत तीन-चार फूट अंतर. शेणखत खड्ड्यात घालाल तेवढंच, नंतर खतं नकोत. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा भरपूर पाणी, तिसऱ्या उन्हाळ्यापासून बंद. पालापाचोळा झाडून जाळायचा नाही, झुडपांच्या बुडाशी लोटायचा. कित्येक पतंगांचे कोष त्याच पाचोळ्यात आणि खालच्या भुसभुशीत मातीत असतात. उथळ परातीत पाणी आणि त्यात दगड ठेवा, माशीला पाय टेकायला जागा लागते.

पहिलं वर्ष तुमचा हिरमोड करेल. करवंद बोटभर वाढेल, बाग विस्कटलेली दिसेल आणि शेजारी विचारतील की माळी सोडला का. दुसऱ्या थंडीत अडुळसा फुलेल, तिथून चित्र बदलायला लागेल. बियांच्या करवंदाला फळ धरायला तीन-चार वर्षं लागतात, पण बुलबुल जाळी दाटण्याची वाट बघतो, फळाची नाही.

आणि कात्रीबद्दल. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी माझ्याच करवंदाचं कुंपण छाटायला घेतलं. रस्त्यावर फांद्या आल्या म्हणून घाई होती. चार-पाच हात छाटून झाल्यावर लक्षात आलं की दोन मोठे बुलबुल माझ्या डोक्यावर तारेवर बसून सारखे ओरडताहेत. घरटं उघडं पडलं होतं, आत तीन पिल्लं, तोंडं वर करून. तोडलेल्या फांद्या परत वर बांधल्या, दोरीनं, जमेल तशा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं होतं. पिल्लांना उडायचं वय नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडे छाटणी नोव्हेंबर ते जानेवारी, तीही दर वर्षी कुंपणाच्या एक तृतीयांश भागाचीच.

तुमचा माळी महिन्याला येतो, म्हणजे येत्या काही दिवसांत येईल. ड्युरांटात कुणी घरटं केलं असण्याची शक्यता कमी आहे, पण मे महिना आहे. त्यानं कात्री लावायच्या आधी एकदा फांद्या बाजूला सारून आत बघा, आणि कढीपत्त्याच्या पानांखालीही.